कोयत्याची घाई : बीडच्या ऊसतोडीमागील रसायन

बीड जिल्ह्याची खरी ओळख ज्वारीची आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, बालाघाटच्या डोंगररांगांवर आणि त्यांच्या पायथ्याशी वसलेल्या या जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा असतो, डोंगराळ भागातील जमिनी हलक्या आहेत आणि शतकानुशतके येथील माणसाने कोरडवाहू धान्यावरच आपला संसार उभा केला आहे. तरीही गेल्या काही दशकांत महाराष्ट्राने या जिल्ह्याला ‘ऊसतोड कामगारांचा जिल्हा’ म्हणून ओळखले, कारण दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो माणसे बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गळीत हंगाम संपेपर्यंत, परत येत नाहीत. या स्थलांतराचा इतिहास आजवर दुष्काळ, भूमिहीनता, सिंचनाचा असमतोल आणि सहकारी साखर कारखानदारी यांच्या अंगाने मांडला गेला असून तो त्या त्या ठिकाणी बरोबरच आहे. मात्र या इतिहासाचा आणखी एक धागा उसाच्या पेशीत दडलेला आहे. ऊस तुटताच त्याच्यातील साखर नासू लागते, आणि त्या नासण्याच्या वेगाने ऊसतोडीच्या कामाची घाई, रात्रपाळी आणि शिस्त ठरवली आहे. हा धागा उलगडायचा तर अणू, बंध, पाणी, आम्ल आणि विकर या रसायनशास्त्रातील मूलभूत कल्पना समजून घ्याव्या लागतात, आणि सजीवसृष्टीच्या अभ्यासाचा पायाही नेमका याच कल्पनांवर उभा आहे.

पहिली कल्पना अणूची आणि बंधाची आहे. अणू हा मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण असून दोन किंवा अधिक अणू परस्परांतील इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जोडले जातात, तेव्हा त्या जोडणीला सहसंयुज बंध म्हणतात आणि जोडल्या गेलेल्या समूहाला रेणू म्हणतात. कार्बनचा अणू एकाच वेळी असे चार बंध जोडू शकतो आणि त्यामुळेच त्याच्यापासून साखळ्या, फाटे आणि कडी तयार होऊन सजीवांचे अवाढव्य रेणू घडतात. ज्वारीचे ताट असो की उसाचे बेट, दोन्ही वनस्पती हा कार्बन हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून घेतात, मुळांतून आलेल्या पाण्याशी सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेने त्याचा मेळ घालतात आणि त्यातून शर्करा बनवून ऑक्सिजन बाहेर सोडतात. या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. ग्लुकोज या शर्करेच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, आणि त्यांच्या बंधांच्या रचनेत जी ऊर्जा साठते, तीच पुढे माणसाच्या व जनावराच्या अंगात बळ होऊन उतरते.

ज्वारी आणि ऊस ही तृणकुळातील जवळची भावंडे आहेत, आणि त्यांचे हे नाते रसायनातही दिसते. हवाई बेटांवरील ऊस संशोधनात कॉर्टशाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले होते, की उसाच्या पानात शिरलेला कार्बन इतर बहुसंख्य वनस्पतींप्रमाणे प्रथम तीन कार्बनी रेणूत न दिसता चार कार्बनी रेणूत दिसतो. या निरीक्षणाचा अर्थ ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे हॅच आणि स्लॅक या संशोधकांनी लावला आणि १९६६ मध्ये त्याचा मार्ग मांडला. चार कार्बनी मार्ग असलेल्या वनस्पती कडक उन्हात आणि उष्ण हवेत अधिक कार्यक्षमतेने शर्करा बनवतात व तेवढ्याच शर्करेसाठी कमी पाणी उडवतात. ज्वारी, बाजरी आणि मका यांचाही मार्ग हाच आहे. तथापि रब्बीची ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर सुमारे चार महिन्यांत उरकते, तर ऊस बारा महिने आणि आडसाली असेल तर सोळा ते अठरा महिने रानात उभा राहतो. म्हणून पानाची कार्यक्षमता सारखी असूनही एक पीक पावसावर निभावते आणि दुसऱ्याला कालवा लागतो. बीडचे पाणी आणि बीडचे श्रम यांची फाटाफूट येथूनच सुरू होते.

त्याहून महत्त्वाचा फरक साठवणीचा आहे. ज्वारी आपले ग्लुकोज एकापुढे एक हजारोंच्या संख्येने गुंफून त्याचे स्टार्च, म्हणजे पिष्ट, बनवते. एकाच प्रकारचे लहान रेणू जोडून झालेल्या अशा लांब रेणूला बहुवारिक म्हणतात. पिष्ट थंड पाण्यात विरघळत नाही, दाण्यात घट्ट कणांच्या रूपाने बसते आणि दाणा वाळला की त्याच्यावर काम करणारी विकरे पाण्यावाचून निपचित पडून राहतात. मराठवाड्यातील पेवांची, म्हणजे जमिनीखाली खोदलेल्या धान्याच्या कोठारांची, जुनी रीत याच गुणावर टिकली होती; चांगल्या सालातील ज्वारी पेवात घालून ती दुष्काळात काढता येत असे आणि कापणी चार दिवस मागे-पुढे झाली तरी धान्याचे सत्त्व जात नसे. ऊस मात्र आपली शर्करा दाण्यात वाळवून ठेवत नाही. तो ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा एकेक रेणू जोडून सुक्रोज बनवतो, पानातून रसवाहिन्यांद्वारे ते खोडात आणतो आणि खोडातील पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतील पाण्याने भरलेल्या पिशवीत, विरघळलेल्या स्थितीत भरून ठेवतो. पाणी हा रासायनिक क्रियांचा मंच आहे, आणि पाण्यात विरघळलेली ठेव कधीही मोडली जाऊ शकते. ज्वारी शेतकऱ्याला सवड देते आणि ऊस ती देत नाही, याचे मूळ कारण पिष्ट आणि सुक्रोज यांच्या या भेदात आहे.

सुक्रोज पाण्यात इतके सहज का विरघळते, याचे उत्तर पाण्याच्या रेणूत आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा अणू सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडे अधिक ओढतो, त्यामुळे त्याच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन विद्युतभार येतो. एका रेणूची धन बाजू आणि दुसऱ्याची ऋण बाजू यांच्यातील हलक्या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. सुक्रोजच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या असतात आणि त्या पाण्याशी असे अनेक हायड्रोजन बंध जोडतात, म्हणून साखर पाण्यात मिसळून जाते आणि तेल मिसळत नाही. हायड्रोजन बंध एकेकटा दुबळा असला तरी सामुदायिक बळाने पाण्याचे रेणू एकमेकांशी धरून ठेवतो. पाण्याची वाफ करायला पुष्कळ उष्णता लागते ती याचमुळे, आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणात रात्रंदिवस चिपाडे जाळावी लागत ती याचमुळे.

उसापासून गोड पदार्थ काढण्याची विद्या भारतात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या रसाच्या पदार्थांची यादी आढळते, आणि ‘शर्करा’ या शब्दापासूनच मराठीतील साखर तसेच ग्रीक व लॅटिनमधील साखरेची नावे आली आहेत. विहिरीच्या पाण्यावर जेथे थोडाफार ऊस होई, तेथे गुऱ्हाळ शेताच्या बांधावरच लागे; बैलांच्या चरकातून निघालेला रस काहिलीत पडे, गुळव्या त्यावरची मळी काढी, रानभेंडीचा चिकट रस आणि चुन्याची निवळी घालून रस साफ करी आणि आदण उतरण्याची वेळ नजरेने ओळखून गुळाच्या ढेपा पाडी. या व्यवस्थेत आज जेवढा रस काहिलीत मावेल तेवढाच ऊस आज तोडला जाई, त्यामुळे तोडणी आणि गाळप यांत अंतर पडण्याचे कारण नसे. घाई तेव्हाही होती, परंतु तिचा ताबा ऊस पिकवणाऱ्याच्या हाती होता.

गुळव्याने घातलेला चुना हा आम्ल आणि अल्कली या कल्पनांचा जुना वापर होय. पाण्यात विरघळल्यावर जो पदार्थ हायड्रोजनचे धनभारित कण सोडतो त्याला आम्ल म्हणतात, आणि जो पदार्थ हे कण शोषून घेतो किंवा निष्प्रभ करतो त्याला अल्कली म्हणतात. विद्युतभार असलेल्या अणूला किंवा अणुसमूहाला आयन ही संज्ञा आहे. पाण्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण सामू या मापाने मोजतात. सामू ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि त्यावर अल्कधर्मी, आणि सामूचा एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी, सुमारे ५ ते ५.५ सामूचा असतो. आम्लधर्मी रस तापवला की सुक्रोज फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज बनतात, ही द्रव्ये गुळाचे कण धरू देत नाहीत, हवेतील ओल ओढतात आणि अशी ढेप पावसाळ्यात पाघळते. चुना हायड्रोजन आयनांना निष्प्रभ करतो आणि त्यातील कॅल्शियमचे आयन रसातील फॉस्फेट, प्रथिने व इतर गाळ बांधून खाली बसवतात. साखर कारखान्यातही हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर चालते; तेथे चुन्याबरोबर गंधकाचा धूर दिला जातो आणि नंतर निर्वात भांड्यात कमी तापमानाला रस आटवला जातो, जेणेकरून उष्णतेने साखर फुटू नये.

कारखान्याच्या आगमनाने उसाची घाई बांधावरून उठून दूर गेली. ब्रिटिश अमलातील नीरा व प्रवरा खोऱ्यांत कालवे झाले, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि त्याच वर्षी नीरेच्या खोऱ्यात पाडेगाव येथे ऊस संशोधनाला आरंभ झाला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. त्या यशानंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रांग लागली. याच काळात बीड जिल्हा निजामाच्या राजवटीतून सप्टेंबर १९४८ मध्ये मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग बनला. कालव्यांचा आणि भांडवलाचा वारसा या जिल्ह्याकडे फारसा नव्हता. त्याच्याकडे होती ती रब्बीची ज्वारी, बैलजोड्या आणि सुगीनंतर रिकामे राहणारे हात.

कारखान्याला दररोज हजारो टन ऊस लागे आणि तो ठरलेल्या वेळी लागे, म्हणून शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यातील आणि मग दूरच्या कारखान्यांनी बालाघाटच्या माणसांकडे वळायला सुरुवात केली, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट अधिकच रुंद झाली. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, परळी आणि गेवराई या तालुक्यांतील वंजारी, बंजारा, मराठा, दलित व इतर समाजांतील अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबे त्या वाटेने चालू लागली. मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्यांचे गाडी सेंटर आणि मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणाऱ्यांचे डोकी सेंटर, अशी कामाची विभागणी झाली. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोप्यांत सहा महिने काढणाऱ्या या माणसांच्या दिवसाचे वेळापत्रक साखरेच्या एका रासायनिक क्रियेने आखले होते.

ती क्रिया अशी आहे. सुक्रोजच्या रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात आणि त्याचा रेणुभार ३४२ आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन घटकांना जोडणाऱ्या बंधात पाण्याचा एक रेणू, ज्याचा रेणुभार १८ आहे, शिरला की तो बंध तुटतो आणि १८० रेणुभाराचे दोन सुटे रेणू मिळतात. पाण्याच्या साहाय्याने बंध तोडण्याच्या या क्रियेला जलापघटन म्हणतात. अन्नाचे पचन हे बहुतांशी जलापघटनच असते, म्हणून जीवशास्त्रात या शब्दाला मोठे स्थान आहे. सुक्रोजच्या बाबतीत या क्रियेला इन्व्हर्जन, म्हणजे उलटणे, असे खास नाव मिळाले, कारण सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाशाची, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाची, दिशा उजवीकडे वळवते आणि सुक्रोज फुटल्यावर झालेले मिश्रण ती डावीकडे वळवते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ‘पोल’, म्हणजे त्यातील सुक्रोजचे प्रमाण, काढतात तो याच वळणाच्या मोजणीवरून. सुट्या झालेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजची पांढरी दाणेदार साखर होत नाही; ती मळीत जाते, आणि शिवाय शिल्लक सुक्रोजलाही नीट स्फटिक होऊ देत नाही.

रसायनशास्त्राच्या इतिहासात या एका क्रियेचा मान मोठा आहे. १८५० मध्ये विल्हेल्मी या जर्मन संशोधकाने आम्लामुळे सुक्रोज किती वेगाने फुटते हे ध्रुवित प्रकाशाने मोजले आणि रासायनिक क्रियेचा वेग गणिताने मांडण्याची सुरुवात तेथून झाली. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी सामूचे माप रूढ केले. १९१३ मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉ. मॉड मेंटेन यांनी सामू काटेकोर राखून इन्व्हर्टेज या विकराच्या वेगाचे जे समीकरण दिले, ते आज जीवरसायनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. विकर म्हणजे सजीवाने बनवलेले, बहुधा प्रथिनाचे, उत्प्रेरक द्रव्य. उत्प्रेरक क्रियेचा वेग वाढवतो पण स्वतः खर्ची पडत नाही, त्यामुळे विकराचा एकेक रेणू पुन्हापुन्हा काम करतो आणि अल्प प्रमाणातही पुष्कळ सुक्रोज फोडू शकतो.

हे इन्व्हर्टेज उसाच्या स्वतःच्या शरीरात असते. वाढत्या कोवळ्या कांड्यांना ऊर्जा आणि बांधकामाचा माल हवा असतो, म्हणून तेथे इन्व्हर्टेज जोमात असते आणि आलेले सुक्रोज लगेच फोडले जाते. कांडे पिकले, रात्री थंड झाल्या आणि पाणी तोडले की त्याचे काम मंदावते आणि सुक्रोज साठू लागते. हिवाळ्यात गळीत हंगाम असण्याचे हे शरीरशास्त्रीय कारण आहे. पिकलेल्या उसाला कोयत्याचा घाव बसला की मुळांकडून पाणी येणे थांबते, पानांकडून नवी शर्करा येणे थांबते, परंतु खोडातील पेशी मरत नाहीत. त्या श्वसन करत राहतात, म्हणजे ऑक्सिजनच्या मदतीने शर्करा जाळून ऊर्जा मिळवत राहतात, आणि इन्व्हर्टेज पुन्हा बळावते. त्याच वेळी कापलेल्या तोंडातून ल्यूकोनोस्टॉक जातीचे जिवाणू आत शिरतात आणि सुक्रोजमधील ग्लुकोज गुंफून डेक्स्ट्रान नावाचा चिकट बहुवारिक बनवतात, जो रसाला बुळबुळीत करतो आणि गाळणे व स्फटिकीकरण दोन्ही बिघडवतो. उष्णता वाढली की रेणूंची धावपळ वाढते आणि ढोबळमानाने दर १० अंश सेल्सियसला अशा क्रियांचा वेग दुप्पट होतो, म्हणून मार्च-एप्रिलचा तोडलेला ऊस डिसेंबरच्या उसापेक्षा लवकर उतरतो. जळालेल्या उसाच्या पेशी व त्यावरचे मेणाचे आवरण आगीने बिघडलेले असते, त्यामुळे तो आणखी लवकर खराब होतो.

कोयत्याच्या प्रत्येक हालचालीत हे रसायन उतरलेले आहे. ऊस जमिनीलगत तोडावा असा आग्रह असतो, कारण सर्वांत जुनी कांडी बुडख्याशी असतात आणि सुक्रोज तेथे सर्वाधिक असते. या आग्रहामुळे तोडणाऱ्याला दिवसभर कमरेत वाकून राहावे लागते. वाढे छाटून वेगळे करावे लागतात, कारण शेंड्याच्या कोवळ्या कांड्यांत इन्व्हर्टेज आणि सुटे ग्लुकोज-फ्रुक्टोज अधिक असून ते गाळपात गेले तर उतारा, म्हणजे उसापासून मिळणाऱ्या साखरेचे शेकडा प्रमाण, घसरतो. पाचट सोलून काढावे लागते, कारण ते गाळपात रस शोषून घेते. मग मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनावर चढवणे आणि वाहन ज्या वेळी येईल त्या वेळी, मग ती मध्यरात्र का असेना, ते भरून देणे ओघाने आलेच. तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गाळला जावा हा कारखानदारीतील सर्वमान्य दंडक आहे, आणि तो पाळण्यासाठी कारखान्याची रात्रपाळी, वाहतुकीची साखळी आणि कोप्यांतील झोप या सगळ्यांची एकमेकांशी बांधणी झाली. महाराष्ट्रात चांगल्या हंगामात १०० किलो उसामागे साधारण १० ते ११ किलो साखर पडते. त्यात अर्ध्या टक्क्याचा फरकही कारखान्याच्या हिशेबात मोठा असतो, आणि ती अर्धी टक्केवारी राखणारी कळ तोडणाऱ्याच्या पाठीत उमटते.

तोडणाऱ्याचे शरीरही त्याच रसायनावर चालते. सकाळी खाल्लेल्या भाकरीतील पिष्टाचे जलापघटन लाळेतील आणि आतड्यातील विकरे करतात, ग्लुकोज रक्तात उतरते, आणि पेशी ते ऑक्सिजनच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने जाळून त्याची ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत भरतात. स्नायू आकुंचन पावतो तो या एटीपीच्या खर्चाने. साऱ्या रक्तात एका वेळी फिरणारे ग्लुकोज जेमतेम चहाच्या चमचाभर असते, म्हणून अन्नाचा आणि यकृतातील साठ्याचा पुरवठा सतत चालू राहावा लागतो. श्रमाची उष्णता घाम घेऊन जातो. हायड्रोजन बंध तोडून १ लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते, परंतु त्याबरोबर सोडियमचे आयनही जातात, ज्यांच्यावाचून मज्जातंतूंचे संदेश आणि स्नायूंची हालचाल अडखळते. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखर-पाणी देतात, त्यामागेही हेच विज्ञान आहे, कारण आतड्याच्या पेशीपटलातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्या पाठोपाठ परासरणाने, म्हणजे विरल बाजूकडून संहत बाजूकडे होणाऱ्या वाहण्याने, पाणी आत येते. फडात स्वच्छ पाणी आणि आडोसा नसल्यामुळे स्त्रिया पाणी कमी पितात, लघवी रोखून धरतात आणि त्यातून जंतुसंसर्ग बळावतात. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गंभीर झाल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. एक दिवसाचा खाडा पडला तर पैसे कापले जातात, या धास्तीने दुखणी अंगावर काढणे हे त्या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक होते.

बैलाचा वाटाही या इतिहासात मोठा आहे. वाढ्यांतील आणि पाचटातील सेल्युलोज हे पिष्टाप्रमाणेच ग्लुकोजचे बहुवारिक आहे. फरक इतकाच की त्यात ग्लुकोजचे रेणू परस्परांना निराळ्या कोनात जोडलेले असतात आणि तो बंध तोडणारे विकर माणसाकडे नसते. बैलाच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात राहणारे सूक्ष्मजीव ते विकर पुरवतात, म्हणून माणसाला निरुपयोगी असलेले वाढे बैलाचे अन्न होते. गाडी सेंटरवर आलेल्या कुटुंबाला वाढ्यांचा चारा मिळे, उरलेले वाढे विकून मीठ-मिरचीचा खर्च भागे, आणि दुष्काळी सालात गावाकडे चारा नसताना जनावरे जगवण्याची वाट म्हणूनही पुष्कळांनी फड गाठला. बंधाच्या एका कोनाने ठरलेला हा भेद जित्राबांच्या आणि माणसांच्या स्थलांतराला एकत्र बांधत गेला.

बीडमध्येही पुढे ऊस आला. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा, सिंदफणेवरील माजलगावचे धरण आणि मांजरेवरील धनेगावचे धरण यांनी जिल्ह्याच्या काही पट्ट्यांत पाणी आणले आणि अंबाजोगाई, तेलगाव, गढी व परळी या परिसरांत साखर कारखाने उभे राहिले. परळी तालुक्यातील नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे यांनी ऊसतोड कामगारांच्या प्रश्नांवर नेतृत्व केले, त्यांच्या नावाने पुढे राज्यात ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आणि संत भगवानबाबा यांच्या नावाने या कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आली. तरी डोंगराळ तालुक्यांची वाट फडाकडेच राहिली. अलीकडे हार्वेस्टर यंत्रे आली असून ती ऊस लहान तुकड्यांत कापतात. तुकडे जितके अधिक तितकी कापलेली तोंडे अधिक आणि जिवाणूंना वाटा अधिक, म्हणून यंत्राने तोडलेला ऊस आणखी लवकर गाळावा लागतो. यंत्र माणसाची पाठ वाचवू शकते, पण सुक्रोजची घाई त्याला कमी करता येत नाही.

या साऱ्याचा निष्कर्ष असा निघतो, की ऊस तुटल्यावर सुक्रोजचा बंध किती वेगाने तुटावा हे निसर्गाने ठरवले आहे आणि ते बदलणे माणसाच्या हाती नाही. मात्र त्या वेगाचा भार कोणी वाहायचा, किती मोबदल्यात वाहायचा आणि कोणत्या सोयींसह वाहायचा, हे सर्वस्वी माणसांनी ठरवले आहे. फडावर पिण्याचे पाणी आणि शौचालय, पाळ्यांनी विभागलेले रात्रीचे काम, आजारपणाच्या दिवशी कपात नसणे आणि मुलांची शाळा न तुटणे, यांतील एकही गोष्ट साखरेच्या उताऱ्याच्या आड येत नाही. बीडच्या शाळांतून जलापघटन आणि विकर हे धडे शिकवताना उदाहरणासाठी दूर जाण्याची गरज नाही, कारण वर्गातील अनेक मुलांच्या आईवडिलांनी ही क्रिया घड्याळाशी झुंजत रोज रोखून धरलेली असते. ते उदाहरण शिक्षकांनी फळ्यावर मांडावे, आणि साखर खाणाऱ्या प्रत्येकाने त्या चमचाभर पांढऱ्या स्फटिकांमागची माणसे ओळखावीत.